पाचव्या वर्षीचा गुडघा

फिजिओथेरपिस्ट म्हणजे मालीश करणारी बाई, असा आमच्या शहापुरात बरीच वर्षं समज होता. एक आजोबा दर खेपेला करंज तेलाची बाटली घेऊन यायचे. मी त्यांना पाय उचलायला सांगितलं की म्हणायचे, "मीच उचलायचा, तर तुमी कशाला?" त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. आमच्या कामातलं निम्मं काम रोग्यानेच करायचं असतं आणि ते त्याच्याकडून करून घेणं हेच आमचं कसब. उरलेलं निम्मं म्हणजे मोजायचं आणि लिहायचं. गुडघा किती वाकतो, मांडी किती भरली, माणूस किती पायऱ्या चढतो, सगळं कागदावर. मी सांगणार आहे ती हकिकत या लिहिण्याचीच आहे, आणि तिच्यात माझी एक चूक आहे. नोकरीत असताना ती चारचौघांत कधी बोलले नाही. आता निवृत्त झाले आहे, तर सांगून टाकते.

माझे वडील भातसानगरला धरणावर कामाला होते. मी तिथल्याच कॉलनीत वाढले. पुढे मुंबईला शिकले आणि ठाण्याकडच्या एका धर्मादाय इस्पितळात लागले. नव्वदच्या दशकात त्या इस्पितळाने शहापूरला दर गुरुवारी ओपीडी सुरू केली, तेव्हा तिथलं काम मी मागून घेतलं. आमचं बिऱ्हाड शहापुरातच होतं, हे एक कारण. दुसरं असं, की डोंगरातून उतरून आलेल्या माणसाला "पाय मुडपून दाखवा" म्हणायला तिथली भाषा येणारं कोणीतरी हवं होतं.

आमचे सर, म्हणजे हाडांचे सर्जन, त्या सुमारास परदेशातून एक नवी शस्त्रक्रिया शिकून आले. हाडांच्या टोकांवर एक पांढरा, गुळगुळीत थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. मटणाच्या नळीच्या टोकाला जो चकचकीत भाग दिसतो, तोच. त्याला रक्ताचा पुरवठा नसतो, त्यामुळे एकदा फुटला की तो आपणहून नीट भरून येत नाही. तिथे खड्डा पडतो, माणूस लंगडतो, आणि कालांतराने सगळा गुडघा झिजतो. सरांची शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत व्हायची. आधी दुर्बिणीने, जिथे फारसा भार येत नाही अशा कडेवरून कूर्चेचा जरासा तुकडा काढायचा. प्रयोगशाळेत काही आठवडे त्यातल्या पेशी वाढवायच्या. मग गुडघा उघडून खड्डा साफ करायचा, नडगीच्या हाडावरची पातळ साल काढून ती खड्ड्यावर बारीक टाक्यांनी शिवायची आणि तिच्याखाली त्या पेशी सोडायच्या. झिजलेल्या म्हाताऱ्या गुडघ्यांना याचा उपयोग नव्हता. माणूस तरुण हवा, खड्डा एकाच जागी हवा, बाकीचा गुडघा धड हवा. असे रोगी थोडे मिळायचे. आमच्या गुरुवारच्या ओपीडीतून दोनच गेले. त्यातला एक लहानू आणि दुसरी गुलाब.

लहानू खर्डी आणि उंबरमाळीच्या मधल्या डोंगरातला. चोवीस वर्षांचा. घरची भाताची आणि नाचणीची शेती होती, पण त्याचं लक्ष पोलीस भरतीवर होतं. रोज उजाडताना डांबरी रस्त्यावर येऊन धावायचा. एका उन्हाळ्यात आंब्याची फांदी मोडून तो खाली आला आणि त्याचा उजवा गुडघा खडकावर आपटला. सरांनी त्याच्या आईला समोर बसवून सगळं समजावलं. मी मधे मधे त्यांचं बोलणं आमच्या भाषेत सांगत होते.

आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हंजी राबात रोप करायचं आन् आवनीला लावायचं."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, आधी भाजलेल्या जागेत भाताची रोपं वाढवतात, मग काढून खाचरात लावतात. सर म्हणाले, "मी दोन तास बोललो असतो तरी इतकं नीट सांगू शकलो नसतो."

"आन् रोप नाय लागलं तर?" आईने विचारलं.

"तर परत बघू," सर म्हणाले.

गुलाब मुरबाडपलीकडच्या गावातली. तिशीची, दोन मुलींची आई. बाजारातून परतताना टेम्पोच्या फळीवरून पडली होती. बोलायला फटकळ. पेशी, प्रयोगशाळा, काही ऐकून न घेता तिने एवढंच विचारलं, "आवनीला उभी ऱ्हाईन ना मी?"

दोघांच्या शस्त्रक्रिया काही महिन्यांच्या अंतराने झाल्या. या शस्त्रक्रियेत पुढचं एक वर्ष आमच्या ताब्यात असतं. पहिले सहा आठवडे पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, कुबड्यांवर चालायचं, पण गुडघा मात्र रोज हलवत ठेवायचा. मग हळूहळू भार वाढवायचा. वर्षभर उड्या नाहीत, उकिडवं बसणं नाही, ओझं नाही. लहानूने यातला शब्द न् शब्द पाळला. डोंगरात कुबड्या चालणार नाहीत म्हणून तो खर्डीला मामाकडे येऊन राहिला. मी वीस वेळा पाय उचल म्हटलं तर तो वीसच वेळा उचलायचा, एकवीस नाही आणि एकोणीस नाही. असा रोगी मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही. मी इतरांना त्याचं उदाहरण द्यायचे.

आणि गुलाब पाचव्या महिन्यात खाचरात उतरली. आवणी संपल्यावर आली ती हसतच आली. मी तिला भरपूर बोलले. "एवढा खटाटोप केला आणि तू गुडघ्याचं वाटोळं करून घेतलंस," असंसुद्धा म्हणाले.

ती म्हणाली, "बाई, चिखल मऊ असतो. तुमची लादीच कडक हाय."

आता माझ्या चुकीकडे येते. शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली तेव्हा लहानू तपासणीला आला. गुडघा पूर्ण वाकत होता, मांडी छान भरली होती. माझ्या मापांत कुठेच कमी नव्हतं. जाताना तो म्हणाला, "मॅडम, उतारावर आत कायतरी अडकतं. कट् करतं नि मग दुखतं."

बाहेर बाकावर पुष्कळ माणसं बसली होती. पण ते निमित्त. खरं म्हणजे हा माझा सर्वांत चांगला रोगी होता आणि त्याच्या गुडघ्यात काही बिनसलं असेल हे मला ऐकायचं नव्हतं. मी म्हणाले, "नवी कूर्चा घट्ट व्हायला वेळ लागतो. थोडी कळ काढ. होईल."

"बरं," तो म्हणाला.

मी त्याच्या कागदावर 'समाधानकारक' असं लिहिलं आणि खाली सही केली. आत काही अडकतं, हे लिहिलं नाही.

त्यानंतर तो आला नाही. आमच्याकडून दर वर्षी कार्ड जायचं. त्याचं उलट कार्ड यायचं, "मी बरा आहे. काळजी नसावी." भरतीचं वय मधल्या काळात निघून गेलं असणार, हे माझ्या मनात यायचं, पण मी कधी चौकशी केली नाही.

पाच वर्षं झाली. सरांनी केलेल्या अशा सगळ्या शस्त्रक्रियांचा पाच वर्षांनंतरचा हिशोब ते सर्जन लोकांच्या सभेत मांडणार होते. अशा कामात सुरुवातीच्या निकालांना फारसा अर्थ नसतो. पहिल्या वर्षी रोगीही खूश असतो आणि डॉक्टरही. नवा थर टिकला की नाही, हे कळायला वर्षं जावी लागतात. प्रत्येकाला बोलावून तपासायचं आणि प्रश्नावली भरून घ्यायची, हे काम सरांनी माझ्यावर सोपवलं.

प्रश्नावली परदेशी होती. तिचं मराठी कोणीतरी मुंबईत बसून केलं होतं. गुलाबला मी पहिला प्रश्न वाचून दाखवला, "मोजे घालताना त्रास होतो का?"

"मी जन्मात मोजे घातले नायत."

"गाडीत बसताना, उतरताना?"

"टेम्पोत चढते. त्याच्यातून पडले म्हणून तर तुमच्याकडं आले."

मी कागद बाजूला ठेवला. "खाली बसून दाखव," म्हटलं. तिने साडी आवरली, लादीवर उकिडवी बसली आणि कशालाही हात न टेकता उठली. मग न सांगता पुन्हा एकदा बसली, उठली. पाच वर्षांच्या तपासणीत सर दुर्बिणीनेही आत बघायचे. तसं बघितलं तेव्हा तिचा खड्डा काठोकाठ भरलेला होता. सरांनी पडद्यावर मला दाखवला. मी जिचं वाटोळं झालं असं सांगितलं होतं, तो गुडघा सगळ्या यादीत पहिल्या दोन-तीनांत होता. का, ते सरांनाही सांगता आलं नाही.

लहानूच्या नावापुढे सरांनी पेन्सिलीने 'बरा, पत्राने कळवले' असं लिहिलं होतं. मी म्हणाले, "सर, पत्रावर नको. मी जाऊन बघते."

"दिवसभर जाईल तुमचा, शैलाताई. बरा नसता तर आला असता ना?"

"तेच बघायचंय," मी म्हणाले.

भातकापणी उरकली होती. खर्डीला उतरले, रिक्षाने डांबरी संपते तिथवर गेले आणि पुढे पायवाट धरली. वाटेत विचारत विचारत वाडीच्या खालच्या ओढ्यापाशी आले, तेव्हा समोरच्या उतारावर एक माणूस गवताचा भारा घेऊन उतरताना दिसला. तो पाठमोरा उतरत होता. शिडीवरून उतरतात तसा, तोंड डोंगराकडे, एका हाताने झुडपं धरत, उजवा पाय खाली टाकायचा आणि डावा त्याच्यामागून आणायचा. दहा पावलं उतरला की थांबायचा. मी ओढ्याच्या दगडावर उभी राहून बघत होते. खाली पोचून तो वळला तेव्हा मला कळलं, हा लहानू आहे.

त्यानेही मला ओळखलं. भारा टाकून म्हणाला, "मॅडम, तुमी इतक्या लांब कशाला आलात? मी बरा हाय ना. कार्ड टाकलं व्हतं."

मी त्याच्या मागोमाग घरी गेले. त्याच्या बायकोने, भागीने, पाणी दिलं, कोरा चहा टाकला. अंगणात लाकडाचा एक ठोकळा होता, ओटीवर दुसरा, चुलीपाशी तिसरा, गोठ्याच्या दारात चौथा. सगळे एकाच उंचीचे, आणि लहानू जिथे जाईल तिथे ठोकळ्यावरच बसत होता. त्याच्या आईने मला बघितलं आणि डोक्यावरून पदर घेऊन भिंतीशी बसली.

मी विचारलं, "लहानू, जमिनीवर बसतोस का?"

"बसतो की."

चुलीजवळून भागी म्हणाली, "पाच वर्सं झाली, उकिडवं बसलं नाय ते. आवनी मीच करते. हे बांधावरनं रोपाच्या मुठी फेकून देतात."

"तू गप गो," लहानू म्हणाला.

"का गप? बाई येवढी चालत आली ती खोटं ऐकाय आली का?"

मग मी त्याला ओटीवर आडवं केलं, गुडघ्यावर तळवा ठेवला आणि पाय हळूहळू वाकवला. अर्ध्यावर तळव्याखाली 'कट्' लागलं. अगदी स्पष्ट. दोन वर्षांनी तो आला होता तेव्हाही ते असणार. तेव्हा मी मोजपट्टी धरली होती, असा तळवा धरला नव्हता.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

तो छताकडे बघत म्हणाला, "सांगितलं व्हतं ना एकदा. तुमीच म्हनालात, कळ काढ. मी काढली." मग म्हणाला, "डॉक्टरांनी माझ्यासाठी दोन येळा गुडघा उघडला. फुकटात केलं सगळं. त्यांचं काम फुकट गेलं असं कसं कळवायचं? माणसाला वाईट नाय वाटत का?"

त्याचा पाय खाली ठेवून मी त्याच्या आईसमोर आणि भागीसमोर सांगितलं, "चूक माझी आहे. तू सांगितलेलं मी लिहिलं नाही. तेव्हाच आतून बघितलं असतं तर कदाचित इथवर आलं नसतं. आता तू माझ्याबरोबर चल."

"भात झोडायचं ऱ्हायलंय," लहानू म्हणाला.

त्याची आई भिंतीपासून पुढे सरकली. ती म्हणाली, "भात मी झोडीन. ते म्हनाले व्हते परत बघू. मंग बघू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी यादी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "त्याने तिसऱ्या वर्षापासूनच्या तपासण्या चुकवल्या. उतारावरून ओझी आणतो म्हणता. सूचना पाळल्या नाहीत, या कारणाने त्याला यादीतून वगळता येईल. नियमात बसतं ते."

सर वाईट माणूस नव्हते. रोग्याच्या अंथरुणाशी तास तास बसलेले मी त्यांना बघितलं आहे. पण त्यांनी या कामात आठ-दहा वर्षं घातली होती, आणि लहानूच्या बाबतीत मला जे ऐकायचं नव्हतं तेच त्या दिवशी त्यांनाही ऐकायचं नव्हतं. ते मला समजत होतं, म्हणूनच मी खुर्चीवरून उठले नाही.

"सर, गुलाब पाचव्या महिन्यात आवणीला उभी राहिली," मी म्हणाले. "तिने एकही सूचना पाळली नाही. तिला आपण वगळणार आहोत का?"

सरांनी यादीवरचं गुलाबचं नाव बघितलं.

"लहानूने वर्षभर सगळं पाळलं, आणि दुसऱ्या वर्षी त्याने तक्रार केली होती. मी ती लिहिली नाही. वगळायचं तर त्याला कशाला? माझी नोंद वगळा आणि खरी घाला."

"तुमची सही आहे त्या कागदावर," सर म्हणाले. "वर विचारलं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागेल."

"देईन."

सरांनी पेन्सिलीने लिहिलेलं खोडलं. "घेऊन या त्याला," ते म्हणाले.

त्या महिन्यात सरांनी दुर्बिणीने लहानूचा गुडघा आतून बघितला. मी शेजारी उभी होते. वर शिवलेली साल वाढून जाड झाली होती आणि तिची एक कड सुटून हाडांमध्ये सापडत होती. तेच अडकत होतं. त्या बाजूचा नवा थर उखडला होता. दुसऱ्या बाजूचा मात्र धरून होता. सरांनी सुटलेलं सगळं कातरून साफ केलं. लवकर बघितलं असतं तर जास्त थर वाचला असता का, असं मी त्यांना नंतर विचारलं. त्यांनी माझं मन राखलं नाही. "बहुतेक," म्हणाले.

अडकणं थांबलं. दुखणं कमी झालं, गेलं नाही. सहा महिन्यांनी लहानू उतारावरून तोंड पुढे करून उतरायला लागला, काठी घेऊन. उकिडवं बसणं त्याला पुढेही जमलं नाही. धावण्याचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही.

सभेत सरांनी सगळे निकाल मांडले, चांगले आणि लहानूचाही. प्रश्नावलीत मोज्यांच्या जागी मी नवे प्रश्न घातले होते: उकिडवं बसता येतं का, चिखलात उभं राहता येतं का, ओझं घेऊन उतरता येतं का. कोणीतरी उठून विचारलं, हे काय प्रश्न आहेत. सर म्हणाले, "आमचे रोगी हेच करतात." दुसऱ्या वर्षीची तक्रार नोंदली गेली नव्हती, हेही त्यांनी सांगितलं. नाव सांगितलं नाही. वरच्या साहेबांनी मला बोलावलं, विचारलं, मी उत्तर दिलं. एक ताकीद मिळाली. माझ्या नोकरीतली ती एकच.

लहानूचा नवा कागद मी त्याला वाचून दाखवला होता. "परिणाम अपुरा. रुग्णाने दुसऱ्या वर्षी तक्रार केली होती, ती तपासणाऱ्या व्यक्तीने नोंदवली नाही."

त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "माझंबी लिवा. तीन वर्सं मी बरा हाय असं खोटं कळवलं."

"ते लिहायची गरज नाही."

"लिवा, मॅडम. तुमचं लिवलं तर माझंबी लिवा."

मी लिहिलं. खाली त्याने सही केली, शेजारी मी.

पुढच्या वर्षी मी त्याला कार्ड पाठवलं नाही, लिहायचं राहून गेलं. पावसाळा संपल्यानंतरच्या एका गुरुवारी ओपीडी उघडली तर बाकावर तिसऱ्या नंबरला लहानू बसला होता. त्याची पाळी आली, तो काठी भिंतीला टेकवून आत आला. मी नेहमीसारखं विचारलं, "काय, कसं आहे?"

"दुखतंय," तो म्हणाला, आणि कुठे ते बोटाने दाखवलं.